मूळ फॅक्टरीप्रमाणे

१

रघूच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली, आणि मोडायला त्याचाच पाना वापरला. हे सांगताना त्याच्या बायकोच्या, गोदाच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. कोलशेतहून ठाकुर्लीला येईपर्यंत तिचं रडून झालं असावं. माझ्या दारात उभी राहून ती एवढंच म्हणाली, "काका, हे चोर नाहीत. तुम्ही तरी चला."

मी विठ्ठल साटम. ठाकुर्लीच्या पॉवर हाउसात तीस वर्षं तारा गुंडाळल्या आणि फोरमन होऊन निवृत्त झालो. माझ्या तोंडाला तिथले लोक अजून घाबरतात. रघू माझ्याच हाताखाली शिकला. सोळाव्या वर्षी आला तेव्हा त्याला पाना सरळ धरता येत नव्हता, आणि विशीत त्याच्या हातचं काम मी तपासायचं सोडून दिलं होतं. त्या हाताची बोटं मोडली म्हटल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोणी मोडली?"

"तानाजीशेठनी हात दाबून धरला. महिपतशेठ बोलले, मार. मुकादमानं मारलं."

"पोलिसात गेले का ते?"

"नाही. आमची दया येते म्हणून गेले नाहीत म्हणे."

चोपन्न सालचा दसरा होऊन पाच दिवस झाले होते. महिपतशेठ म्हणजे कोलशेतचे जमीनदार. बापजाद्यांनी खाडीकाठी मिठागरात पाय कुजवले, आणि आता कारखानदार जमिनी मागायला येऊ लागल्यावर हे शेठ झाले. अशा माणसाची वस्तू चोरीला जाते, चोरही सापडतो, आणि हा चौकीची पायरी चढत नाही! दया? दया कसली, मला तिथेच शंका आली.

२

आता त्या गाडीबद्दल सांगायला हवं.

ब्रॅमली नावाची दोन माणसांची विलायती स्पोर्ट्‌स गाडी, अठ्ठावीस सालची. एक साहेब जाताना महिपतशेठच्या बापाला देऊन गेला. ती पुढे दहा वर्षं गवताच्या गंजीशेजारी पडून होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालत. मुंबईच्या एका मोटर क्लबाने दरवर्षी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरवायचं जाहीर केलं तेव्हा शेठला एकदम तिची आठवण झाली. क्लबाची अट एकच होती. गाडी फॅक्टरीतून निघाली तेव्हा होती तश्शी पाहिजे.

रघूने विलायतेला पत्र घातलं. फॅक्टरीने या गाडीचा जुना कागद उतरवून पाठवला, त्यात रंगापासून नंबरांपर्यंत सगळं होतं. डिक्शनरी घेऊन रघूने तो पाठ केला. हिरव्या रंगाची मूळ छटा त्याला डॅशबोर्डच्या मागे नखाएवढी सापडली, तिच्यावरून त्याने अकरा वेळा रंग मिसळला. सीटची शिवण इंचाला आठ टाके हवी होती. गोदाने नऊ घातले तर बायकोच्या हातची अख्खी सीट त्याने उसवली. चार दिवस ती त्याच्याशी बोलत नव्हती.

अडीच वर्षं हे चाललं होतं, आणि कशासाठी? शेठने स्टँपपेपरवर लिहून दिलं होतं की, परीक्षकाने गाडी मूळ फॅक्टरीप्रमाणे पास केली की पत्र्याची शेड आणि तिच्याखालची दोन गुंठे जागा रघूची. खाली आणखी एक ओळ होती. मधल्या काळात रघूने चोरी-लबाडी केल्यास करार रद्द.

गोदाबरोबर मी कोलशेतला पोचलो. रघू शेडमागच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. मला पाहून उठायला लागला.

"बस रे! सांग नीट."

"काका, दसऱ्याला सगळी हत्यारं पाटावर मांडली. मॅग्नेटोपण ठेवलेला. तेवढाच बसवायचा राहिलेला ना."

मॅग्नेटो म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र, ते नसेल तर गाडी म्हणजे नुसतं लोखंड. या मॅग्नेटोची कॉइल माझ्याच टेबलावर तीन महिने होती. फॅक्टरीत होती तशीच रेशमी वेष्टणाची तार मी मुंबईभर हिंडून मिळवली आणि स्वतः गुंडाळली. त्यावरची पितळी नंबरपट्टी तेवढी मूळची होती, आणि ती फॅक्टरीच्या कागदाशी जुळत होती.

"पूजा कोणी केली?"

"मी," गोदा म्हणाली. "पान्यांना हळदकुंकू लावलं. गाडीच्या सामानाला हे कुंकू लावू देईनात. म्हणे डाग राहतो, फॅक्टरीत लाल ठिपका नव्हता. मग नुसती हळद लावली. झेंडू घातले."

"पुढे?"

"कुलूप घातलं नि तुमच्याकडे सोनं द्यायला आलो," रघू म्हणाला.

ते तर मला ठाऊकच होतं. नवराबायको दुपारी जेवायला माझ्याकडे होती आणि मुक्कामही केला होता. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तो पाटावर मॅग्नेटो नाही! चौथ्या दिवशी तो कल्याणला काळुराम भंगारवाल्याच्या दुकानात सापडला. काळुराम सांगत होता की दसऱ्याच्या आदल्या दिवशी रघूनेच आणून विकला.

"मग दसऱ्याला पाटावर काय होतं?"

"शेठ बोलतात, फुलांखाली दगड ठेवला असशील."

"पूजेला कोण कोण होतं?"

"तानाजीशेठ येऊन पाया पडून गेले. महिपतशेठ बाहेर खुर्चीवर बसलेले, आत आलेच नाहीत. तेलाचा वास सोसत नाय त्यांना."

"चावी?"

"एक माझ्या कमरेला. दुसरी शेठच्या घरात, खुंटीवर." मग रघू खाली बघत म्हणाला, "काका, जागा गेली तर जाऊ दे. पण चोर म्हणून गाव सोडणार नाही मी. रविवारी परीक्षक येणार आहे. त्याच्यासमोर माझं नाव चोर म्हणून घेणार आहेत ते."

रविवारला तीन दिवस होते.

३

राग गिळून गोड बोलणं मला जमत नाही. त्या दिवशी जमवलं. महिपतशेठच्या ओटीवर जाऊन मी नमस्कार केला आणि म्हणालो, "शेठ, पोरगा चुकला. गाडी अडायला नको. मॅग्नेटो मी बसवून देतो."

शेठचा चेहरा खुलला. पांढरंशुभ्र धोतर आणि बोटांत तीन अंगठ्या. "मास्तर, देव पावला! मला यातलं काय कळत नाय. गाडीच्या बॉनेटला आजवर बोट लावलं नाय मी. तेलाचा डाग पडला तर धोतर फेकून देतो." तेवढ्यात गड्याच्या हातून ओटीवर चहा सांडला, तसे ते त्याच्यावर ओरडले, "बघतोस काय? सोड्याचं पाणी टाक आणि घास!"

आतून कपाटातून त्यांनी मॅग्नेटो आणून दिला, तोही फडक्यात धरून. मी पडवीत उजेडाला बसलो. नंबरपट्टी मूळचीच होती. पण मॅग्नेटो नको इतका स्वच्छ दिसत होता. माझ्या हातून गेला तेव्हा त्याच्या खाचांत तेलाचा पातळ थर होता, तो असावाच लागतो. आता तेल नव्हतं, आणि पट्टीच्या कडेला, नखही जाणार नाही अशा फटीत, गडद तांबडी रेघ होती.

झाकण उघडलं आणि माझे हात थांबले. रेशमी वेष्टण फुगलं होतं. तांब्यावर हिरवट पांढरी बुरशी चढली होती. तीन महिन्यांचं माझं काम कोणीतरी पाण्यात बुडवलं होतं. तोंडात आलेली शिवी मी कशी गिळली ते माझं मला माहीत.

"काय झाला रं मास्तरा? तोंड का असा?"

महिपतशेठच्या आई, आवडाबाई. ऐंशीच्या घरातली काटक म्हातारी, मिठागरात फावडं मारून वाढलेली. अंगणात कपड्यांचा ढीग निवडत बसली होती.

"काही नाही आवडाबाई. डाग बघतोय."

"डाग बघाचं त ह्यो बघ." तिने ढिगातून एक पंचा ओढला. "दसऱ्याचे सांजचा म्हैपतीचा पंचा. लाल लाल! मिनी इचारला, हात कापला का रं? त मनाच वराडला. परटीन कवा येल तवा येल, तवर पडलाय."

पंच्यावर तळहाताएवढा लाल डाग होता. त्याच्या कडेला काळं तेल लागलं होतं. आणि शेठचे हात तर मी आत्ताच नीट पाहिले होते, ओरखडासुद्धा नव्हता.

मी हळूच म्हटलं, "आवडाबाई, एवढा पंचा धुवायला टाकू नका. रविवारी शेडवर घेऊन या."

म्हातारीने पंचा मांडीवर घेतला. "त्या पोराची बोटा कोनी मोडली, मना कोन सांगत नाय," ती म्हणाली. मी सांगितलं.  तिने पंचा घडी करून कमरेला खोचला.

४

मनात एक नाव पक्कं होत होतं, पण नुसत्या संशयावर मी कधी फ्यूज बदलला नाही. खुंटीवरची चावी तानाजीच्याही हाताशी होती. तानाजी म्हणजे शेठचा धाकटा भाऊ. प्रदर्शनात गाडी तोच चालवणार होता. तो मला शेडमध्येच भेटला, गाडीच्या दिव्यांवरून हात फिरवत उभा होता.

"तुम्ही धरलात ना रघूचा हात?"

तो चिडला. "मग काय करू? अडीच वर्षं वाट बघतोय मी या गाडीची! आणि तो भंगारात विकतो? भाऊ बोलला तेच बरोबर."

"मॅग्नेटो साफ करायचा तर कशाने कराल?"

"पेट्रोल. फडक्याला लावून, तेपण वरच्यावर." त्याने मला खुळ्यात काढलं. "का?"

"पाणी चालेल?"

"डोकं फिरलं काय मास्तर? पावसात मोटरसायकलच्या मॅग्नेटोवर शिंतोडे उडाले तर कापूरबावडीपासून ढकलत आणलेली मी. पाणी म्हणजे विष."

"पूजेला तुम्ही आला होता. काय आठवतं?"

"फुलं होती. गोदावहिनी कुंकू लावायला गेली तर रघू खेकसला. गाडीच्या सामानाला नुसती हळद, कुंकू नाय! मी हसलो. फॅक्टरीत हळद लावतात काय, विचारलं." बोलता बोलता तो थांबला. या वेळी त्याला स्वतःच्या विनोदाचं हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कल्याणला गेलो. काळुरामच्या दुकानात गंजक्या चाकांपलीकडे तो रॉकेलच्या डब्यात बोल्ट बुडवून पुसत बसला होता.

"रघूने आणला तेव्हा मॅग्नेटो कसा होता?"

"असाच. चकचकीत. आपण हात नाय लावला."

"धुतला नाहीस?"

"धुवायचा कशाला? आपलं सगळं रॉकेलमध्ये. सामानाला पाणी लावलं तर गंज चढतो, घेणार कोण?"

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी आणला, हे नक्की?"

त्याने नजर खाली घातली. "मास्तर, बायकापोरांचा माणूस आहे मी. ही जागापण शेठची आहे. उद्या बाहेर काढलं तर कुठे जाऊ?"

मी त्याला विचारलं नव्हतं ते त्याने सांगून टाकलं. रविवारी शेठने त्यालाही शेडवर बोलावलं होतं. रघूविरुद्ध साक्ष द्यायला.

५

रविवारी सकाळी परीक्षक आला. होरमसजी नावाचा म्हातारा पारशी, डोळ्याला भिंग, हातात फॅक्टरीचा कागद. दोन तास तो गाडीभोवती फिरला. स्क्रूच्या खाचा बघितल्या, सीटचे टाके मोजले, आठ भरल्यावर मान डोलवली. "अरे बाबा, हे काम कोणी केलं?"

"मीच करून घेतलं," महिपतशेठ पुढे झाले. "कामाला एक चोर ठेवलेला. हा काय उभाय. मॅग्नेटो विकून बसला. या काळुरामनं ओळखला म्हणून परत आला."

रघू दाराशी उभा होता. मान वर होती, पण चेहऱ्यावर रक्त नव्हतं. आता माझी वेळ आली होती, आणि राग गिळायचं कामही संपलं होतं.

"होरमसजी, पाच मिनिटं द्या," मी म्हटलं. "गोदा, आण गं."

गोदाने पाटावर तीन वस्तू ठेवल्या. हळदीची वाटी, धुण्याचा सोडा आणि कापलेलं लिंबू. शेठ हसले. "पूजा घालताय काय मास्तर?"

"पूजाच घालतोय. तुमची."

मी रुमालाला हळद फासली आणि त्यावर सोड्याचं पाणी टाकलं. पिवळा डाग बघता बघता रक्तासारखा लाल झाला. त्यावर लिंबू पिळलं, तो परत पिवळा. गोदाने मान हलवली. स्वयंपाक करणाऱ्या कुठल्या बाईला हे सांगावं लागत नाही. महिपतशेठने मात्र जन्मात कधी धुणं धुतलं नव्हतं.

मग मी मॅग्नेटो उचलला आणि नंबरपट्टीच्या फटीतली तांबडी रेघ होरमसजींना भिंगातून दाखवली.

"कुंकू असंल!" शेठ म्हणाले.

"तानाजीराव, कुंकू असेल?"

तानाजी भावाकडे बघत होता. "नाय," तो हळू म्हणाला. "रघूनं लावू दिलं नव्हतं. नुसती हळद होती."

लिंबाचा एक थेंब मी फटीत सोडला. रेघ पिवळी झाली.

"म्हणजे दसऱ्याच्या पूजेत हाच मॅग्नेटो पाटावर होता. दगड नव्हता. आदल्या दिवशी विकलेल्या वस्तूला दसऱ्याची हळद कुठून लागेल? काळुराम, बोल!"

काळुरामची पाचावर धारण बसली. त्याने नुसते हात जोडले.

"पूजा झाल्यापासून दुसऱ्या सकाळपर्यंत रघू माझ्या घरात होता. मी त्याला जेवायला वाढलंय. म्हणून तर चोराला चोरी आदल्या दिवसावर ढकलावी लागली. आणि त्यासाठी हळद घालवावी लागली. ती त्याने सोड्याच्या पाण्याने धुतली. अहो, मॅग्नेटो! रघू मेला तरी त्याला पाणी लावणार नाही. तानाजीराव पाण्याला विष म्हणतात. काळुराम रॉकेलशिवाय काही जाणत नाही, आणि त्याच्याकडे चावीही नव्हती. खुंटीवरची चावी हाताशी असलेला आणि यंत्रातलं ओ की ठो न कळणारा माणूस एकच. चहा सांडला तरी सोडा टाकणारा."

"तोंड सांभाळ, मास्तर!" शेठ ओरडले. "पुरावा काय? मी बोट लावलं नाय त्या सामानाला!"

"ह्यो घे पुरावा."

आवडाबाई दारातून आत आली. तिने कमरेचा पंचा पाटावर टाकला. लाल डाग, कडेला काळं तेल. म्हातारीने स्वतःच लिंबू उचललं आणि पिळलं. डाग पिवळा होत गेला. 

"रगत नव्हता त्यो," ती म्हणाली. "मना वराडलास तू. आयशीला."

काळुराम तिथेच खाली बसला आणि त्याने सगळं ओकून टाकलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेठच्या मुकादमाने फडक्यात गुंडाळून आणून दिला होता. काय बोलायचं तेही त्यानेच शिकवलं होतं.

"कशाला, भाऊ?" तानाजीचा आवाज फाटला. "मी त्याची बोटं धरली, भाऊ! मी धरली!"

कशाला ते मी सांगितलं. करार लिहिला तेव्हा इथे कारखान्याचं नाव नव्हतं. आता शेडच्या तिन्ही बाजूंच्या जमिनी कारखान्याला जायच्या होत्या, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, मधले दोन गुंठे रघूचे झाले असते तर व्यवहार अडला असता. चोरीचा ठपका आला की करार रद्द. गाडीही शेठची आणि जागाही शेठची.

६

निर्लज्ज माणसाला हरल्यासारखं वाटतच नाही. महिपतशेठने धोतराचा सोगा झटकला आणि विचारलं, "होरमसजी, गाडी पास की नापास?"

होरमसजींनी मॅग्नेटो हातात फिरवला, कॉइल बघितली आणि कपाळाला आठी घातली. "बाकी एक नंबर. अशी गाडी मी बघितली नाही. पण ही कॉइल खलास झाली. ठिणगी नाही. आज तरी पास करता येत नाही."

"झालं तर!" शेठ म्हणाले. "पास नाय, म्हणजे जागा नाय. कागदावर तसंच लिवलंय."

माझा हात उठलाच होता. पण आवडाबाई मध्ये आली. "जागा कोनाची?"

"आये, तू घरी जा."

"जागा माझे बापासची. कागूद माझे नावाचा. तू कोन देनारा नि कोन न देनारा?" ती माझ्याकडे वळली. "लिव रं मास्तरा. मी आंगठा देते."

तानाजीने घरून कागद आणला. मी लिहिला, होरमसजींनी साक्षीला सही केली. आवडाबाईने इंजिनातल्या काळ्या तेलात अंगठा बुडवून उठवला. मग रघूची पाळी आली. फॅक्टरीचा इंग्रजी कागद पाठ करणाऱ्या माझ्या पोराने लेखणी धरायचा दोनदा प्रयत्न केला. दोनदा ती गळून पडली. शेवटी त्यानेही डाव्या हाताचा अंगठा लावला, आणि ते पाहताना मी इतका संतापलो होतो की मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

होरमसजी कागद गुंडाळत म्हणाले, "प्रदर्शन शुक्रवारी आहे. तोपर्यंत कॉइल नीट झाली तर पहिला नंबर याच गाडीचा. मी लिहून देतो."

महिपतशेठचे डोळे चमकले. ते माझ्याजवळ आले. "मास्तर, ती तार तुम्हीच..."

"हात लावणार नाही."

मग ते रघूकडे गेले. मघाशी ज्याला चोर म्हटलं त्याच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "रघू, झालं गेलं विसर. जागा मिळाली ना तुला? चार दिवस आहेत. तेवढी कॉइल कर बाबा. आपल्या गावाचं नाव होईल."

रघूने खांद्यावरचा हात काढला. फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा हात त्याने शेठच्या तोंडासमोर धरला.

"तीन बोटं पायजेत, शेठ," तो म्हणाला. "मूळची. फॅक्टरीतून मागवा."

मग त्याने शेडचं दार सताड उघडलं आणि गाडी बाहेर काढायला सांगितलं. इंजिन चालू होणार नव्हतं. तानाजी स्टिअरिंगला हात लावायला तयार होईना, तो रघूसमोर खाली मान घालून उभा होता. शेवटी महिपतशेठने पांढऱ्या धोतरात, मागून, एकट्यानेच ती हिरवी गाडी ढकलत रस्त्यावर नेली. गोदाने दार लावून घेतलं.